नानांची राहिलेली नक्कल

माझ्या गाळ्याचे मालक भाडं मागायला कधीच आले नाहीत. ते यायचे भाड्याची पावती दाखवायला. एक तारीख, सकाळचे दहा, पायरीवर चपला काढलेल्या, पैसे अजून माझ्या गल्ल्यात आणि यांची पावती माझ्या नाकासमोर. "आदी वाच. तुज्याबद्दल मी काय लिवलंय ते वाच. पटलं तर पैसं दे." भाड्याच्या पावतीत पटण्या-न पटण्यासारखं काय असणार, डोंबल! मी मान हलवून वाचल्यासारखं करायचे. तर लगेच प्रश्न, "शेवटून दुसऱ्या वळीत काय हाय?" त्या ओळीत असायचं, 'शटरचे डावे कुलूप भाडेकरू यांनी स्वखर्चाने बदलले असून ते सुस्थितीत आहे.' दर महिन्याला हेच. एका कुलपाचं कौतुक मी नऊ वर्षं वाचलं.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. वारूळवाडीच्या अंगाला, नारायणगावच्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या बाजूला काढलेले दोन गाळे. त्यातल्या एकात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशन. नानांची अख्खी नोकरी जुन्नरच्या कचेरीत नकलेच्या टेबलावर गेलेली. म्हणजे कुणाला जुन्या दप्तरातला कागद हवा असला की त्याची प्रत काढायची, ताडून बघायची, सही-शिक्का मारून द्यायची. हेच काम छत्तीस वर्षं. रिटायर झाले तरी उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कार्बनचा निळा डाग तसाच होता. मावशी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "उटणं लावलं, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. जात न्हाई. आता जळतानाच जाईल." आणि नाना शेजारी बसून ऐकत असायचे, हं.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून दहा वेळा निघायचं. "लिवलंय कुणाबद्दल? माज्याबद्दल. मग दाखवा." यात सुटका कुणाचीच नाही. एकदा पोटात दुखलं म्हणून मी आणि मावशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी गिरवलं. नाना म्हणाले, "दाखवा." डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते." झालं! नाना टेबलावरून उतरेचनात. "पोट माजं, दुखतंय मला, अन् कळायचं तुमाला व्हय?" बाहेर वीस पेशंट ताटकळलेले. शेवटी डॉक्टरांनी हात जोडले आणि खाली मराठीत लिहिलं, 'पोटात गॅस झाला आहे. हरभऱ्याची भाजी कमी खावी.' नानांनी ते दोनदा वाचलं, मावशींना वाचून दाखवलं, येताना माझ्या दुकानात त्याची झेरॉक्स काढली आणि मग गोळी घेतली.

आणि तो फ्लेक्स! तेव्हा नुकतंच फ्लेक्सचं खूळ आलं होतं. कुणा पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत नानांचा फोटो, 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. दुसरा कुणी असता तर मुद्दाम त्या चौकातून दोनदा गेला असता. नाना पोरांना म्हणाले, "मी कुणाला मार्ग दाखवला? कवा दाखवला? मला न दाखवता लिवलं कसं?" पोरं म्हणाली, "नाना, मानानं लावलाय राव." "मान ऱ्हाऊ दे, काडा." पोरांनी ब्लेडनं नानांचा तेवढा चौकोन कापून काढला. पुढं महिनाभर त्या फ्लेक्समध्ये सगळी माणसं आणि मधोमध एक खिडकी, त्यातून मागचा कडुनिंब दिसायचा. लोक म्हणायचे, ते बघा नाना.

हसा तुम्ही, मीही हसायचे. पण अडलं की लोक यांच्याकडेच यायचे. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून नाना फुकट अर्ज लिहून द्यायचे. कुणी कचरत म्हणायचं, कशाला साहेबाला त्रास द्यायचा, तर नाना भडकायचे. "नक्कल मागायला लाज कसली? ही काय भीक हाय का?" अर्जाचा कागद मात्र माझा जायचा, शाई माझी जायची, आणि मी त्यावरून बडबडले की मावशी मागच्या दारातून चहा पाठवायच्या. चहा भारी करायच्या, म्हणून गप्प बसायचे.

मग एक दिवस नारायणगाव ते मंचर जीप मारणारा एक जण तोंड पाडून आला. नव्या जीपसाठी बँकेत गेला होता, साहेबांनी सांगितलं, कॉम्प्युटरवर तुझं नाव खराब दाखवतंय. नाना त्याला घेऊन तसेच बँकेत गेले. तिथं त्यांना पहिल्यांदा कळलं, की मुंबईला एक कंपनी आहे, सगळ्या बँका तिला कळवतात, कुणी किती कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं की थकवलं. आणि नवं कर्ज द्यायच्या आधी साहेब तिथं बघतात. त्याला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात.

नाना परत आले ते लग्नाला निघाल्यासारखे. "पोरी, आख्ख्या देशाचं दप्तर हाय तितं! तुजं, माजं, समद्यांचं. आन् माणसाला पत्ता न्हाई!" दोन दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही. मग कुठल्याशा पेपरातलं कात्रण मिळवलं, ते लॅमिनेट करून घेतलं (पैसे दिले, नाही म्हणत नाही), आणि माझ्या भिंतीवर लावलं. त्यात साधं लिहिलं होतं. कर्ज नाकारलं तर कुठल्या माहितीवर नाकारलं ते बँकेला विचारता येतं, तो रिपोर्ट मागता येतो. फी भरून कंपनीकडूनही आपला रिपोर्ट मागवता येतो. चूक असेल तर लेखी कळवायचं, मग त्यांनी बँकेकडून खात्री करून महिन्याभरात दुरुस्त करायचं, नाहीतर का करत नाही ते सांगायचं. त्या जीपवाल्याचं निघालं काय, तर फिटलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता कुणी चढवलाच नव्हता. दुरुस्त झालं, जीप आली, पेढे आले. जीपच्या मागे त्यानं 'नानांची कृपा' लिहायचं ठरवलं होतं, पण आधी दाखवायला लागेल या भीतीनं नुसता ओम काढला.

आता मावशींची गोष्ट. मावशी अवसरी बुद्रुकच्या. चौथी शिकलेल्या, हातानं चपळ, तोंडानं तिखट. त्यांच्यासारखा मसाला मी आजवर दुसरीकडे खाल्ला नाही. बचत गटात विकायच्या, पण मिरची कांडायला दुसऱ्याच्या दारात रांगेत बसावं लागायचं, ठसक्यानं जीव जायचा. त्यांना स्वतःचं कांडप मशीन हवं होतं. शेजारचा दुसरा गाळा रिकामाच होता. नानांच्या पेन्शनमधून घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "न्हाई बाई. माज्या नावावर घेनार, मीच फेडनार. जल्मात येक वस्तू तरी माज्या नावाची असू दे." संक्रांत होऊन गेली होती. फाल्गुन-चैत्रात मिरचीचा हंगाम, त्याआधी मशीन बसलं पाहिजे. अर्ज मी टाईप केला. मी आणि मावशी बँकेत गेलो.

साहेब बिचारे चांगले होते. कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत बघितलं. म्हणाले, "मावशी, तुमच्या नावावर जुनं कर्ज थकलेलं दिसतंय. दोन म्हशींचं."

"म्हशींचं?" मावशी म्हणाल्या. "साहेब, म्हस समोरून आली त मी उसात शिरती."

साहेब हसले, पण कर्ज काही दिलं नाही. मावशींनी येताना रस्ताभर अर्जाची सुरळी मुठीत धरली होती. मी मात्र मनातून खूश, कारण नानांच्या हाती आता घरचीच केस! आणि खरंच, नानांनी बाह्या सरसावल्या. "माज्या घरात म्हस बांदली या लोकांनी!" रिपोर्टसाठी अर्ज दिला, बँकेनं आठ-दहा दिवसांत प्रत दिली. इंग्रजीत होती, म्हणून दुकानात माझ्याकडे वाचायला आणली.

मी वाचत गेले, नाना स्टुलावर बसून मान हलवत होते. नाव सुलोचना, बरोबर. नवऱ्याचं नाव बरोबर. पत्ता वारूळवाडी, बरोबर. रेशन कार्डाचा नंबरसुद्धा बरोबर. मग जन्मसाल आलं आणि मला हसूच फुटलं. "नाना, हे बघा, मावशींना नऊ वर्षांनी म्हातारं करून टाकलंय! त्यांनी ऐकलं तर त्या कंपनीला कांडून काढतील."

नाना हसले नाहीत. म्हणाले, "म्हशींचं कर्ज कवाचं दाखवतंय?" मी साल सांगितलं. नव्वदीच्या सुरुवातीचं काहीतरी होतं. नानांनी कागद माझ्या हातातून घेतला. इंग्रजी येत नव्हतं तरी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग उठले आणि चपला घालून निघाले. चष्मा काउंटरवर राहिला. झेरॉक्सही काढली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी चष्मा द्यायला मागे गेले, तर मावशी एकट्याच ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा छोटा टाक असायचा, बाईची आकृती कोरलेला. मी इतकी वर्षं समजत होते की देवी आहे. मावशींनी तो बोटात धरला. "देवी न्हाई गं. सवत हाय माजी. ही सुलोचना."

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. नानांची पहिली बायको तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. वर्षानं मावशींना करून आणलं. गरिबाघरची पोर, तिशीला टेकलेली, कोण विचारतंय. "लग्नात ताटात तांदूळ पसारले, त्याच्यात अंगठीनं नाव लिवलं. मी तवर हौसा व्हते. माज्या बानं लई हौसेनं ठिवलेलं. मला वाटलं आता नवं नाव देतील. त जुनंच दिलं. सासूबाई म्हनल्या, गेलेलीचं नाव चालवलं की तिचा जीव शांत ऱ्हातो. आन् टाक घातला गळ्यात." तांदळातला खडा काढून त्यांनी लांब फेकला. "मी म्हनलं, जाऊ दे. जित्या माणसाला कायबी म्हनलं तरी वळखतातच की."

आणि कागदावर? कागदावर तर आणखीच सोपं झालं होतं. रेशन कार्डावर सुलोचना होतीच. नवी आली तीही सुलोचना. मग जुनीचं नाव कमी करा, नवीचं वाढवा, हा खटाटोप कशाला? दोन माणसांचं घर, नावं दोन, कार्ड तसंच राहिलं. पुढं सरकारनं नवी कार्डं दिली तेव्हाही वयासकट तेच उतरवलं गेलं. त्याच कार्डावर मावशींचं बँकेतलं खातं उघडलं. म्हणजे कागदाच्या हिशेबानं सुलोचना कधी मेलीच नव्हती आणि हौसा नावाची बाई या घरात कधी आलीच नव्हती. माझा संताप झाला. डॉक्टरांशी, फ्लेक्सवाल्या पोरांशी भांडणाऱ्या या माणसानं घरात हे करून ठेवलं! आणि खरं सांगते, माझंही नाव लग्नात बदललेलं, मला त्याबद्दल आजवर काही वाटलं नव्हतं. त्या रात्री मला ते पहिल्यांदा टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले ते एकदम ठीकठाक, इस्त्रीचा शर्ट, बगलेत रेक्झिनची पिशवी. तिच्यातून एक पिवळी पडलेली पावती काढली. पहिली बायको गेल्यावर त्यांनी म्हशी विकून ते कर्ज पै न पै फेडलं होतं. ही बँकेची पावती, सही-शिक्क्यासकट. बँकेकडून ते खात्याला चढवायचं राहिलं आणि जुन्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवताना तसंच थकीत उतरलं. "सोपं हाय," नाना म्हणाले. "पावती जोडायची, अर्ज करायचा. सदर कर्ज पूर्ण फेडले असून. बास. चुकी त्यांची हाय. धा-पंधरा दिवसात निस्तरंल, मशीन हंगामाच्या आदी दारात." अर्ज त्यांनी रात्री लिहूनही आणला होता, टाईप करायला माझ्यापुढे ठेवला.

मी टाईप करायला घेणार, तोच मागच्या दारातून मावशी. हातात चहा नव्हता. म्हणाल्या, "अवो, लिवलंय कुणाबद्दल?"

नाना पिशवीची चेन लावायला लागले.

"माज्याबद्दल ना? मग दाखवा."

मी अर्ज त्यांच्या हातात दिला. चौथी शिकलेल्या बाईला नानांचं वळणदार अक्षर वाचायला वेळ लागला. बोट ओळीखालून सरकत होतं. 'मी खाली सही करणार सौ. सुलोचना... मी म्हशींकरिता घेतलेले कर्ज मी पूर्ण फेडले असून...' तिथं बोट थांबलं.

"मी घेतलंच न्हाई, त मी फेडलं कसं?"

"अगं, नाव येकच हाय ना. बँकेला काय करायचंय? फिटल्याशी मतलब." नाना समजावण्याच्या सुरात म्हणाले. "दुसऱ्या वाटंनं गेलो त लई फाटे फुटतील. मयताचा दाखला, तुजा शाळेचा दाखला, ॲफिडेव्हिट. हंगाम हातचा जाईल."

"नाव येक हाय. बाई येक न्हाई." मावशींनी अर्ज काउंटरवर ठेवला. "गावाला सांगत फिरता, आपल्याबद्दल काय लिवलंय ते बघा. आज सतरा वर्सं मी तुमच्या कागदात सोदते, मी कुटं हाय? तिचं वय, तिचं नाव, तिच्या म्हशी. मला सांगा, उद्या मी मेले त कोन मेलं म्हनून लिवनार?"

बाहेर रस्त्यावर टोमॅटोचा टेम्पो हॉर्न मारत होता. दुकानात एक गिऱ्हाईक आधार शोधल्यासारखं लॅमिनेशनच्या मशीनला टेकून उभं होतं. मावशी पुढं शांतपणे म्हणाल्या, "हंगाम गेला त जाऊ द्या. खोट्या सहीवर मशीन नको." आणि आत गेल्या.

नाना तीन दिवस दुकानात आले नाहीत. जुन्या दप्तरात त्यांनी हजारो मयताच्या नोंदी चाळल्या असतील, हजारोंच्या नकला दिल्या असतील. मग स्वतःच्या घरात कार्डावर एक रेघ मारून घ्यायला काय झालं होतं? मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. चौथ्या दिवशी आले तर दाढी वाढलेली. स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"गेलो व्हतो मी तवा. कार्ड घेऊन गेलो व्हतो. कारकून वळखीचा. त्यानं लाल पेन काडलं, नाना म्हनला, कुटली वळ? मी बोट ठिवलं. त्यानं पेन टेकवलं आन् मी कार्ड वडून घेतलं. म्हनलं, उद्या येतो." मग बोटावरचा डाग चोळत म्हणाले, "गावात तिला जाळून आल्तो गं मी. पन ती रेघ... तेवढी न्हाई बघवली. मग आईनं हिचं नाव तेच ठिवलं, आन् मला बरंच वाटलं. म्हनलं, चला, आता रेघ मारायला नको."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "नाना, मयताचा दाखला आहे का तिचा?"

"न्हाई," ते म्हणाले. "समद्या गावाच्या नकला काडल्या. तेवडी येक ऱ्हायली."

ती नक्कल त्यांनी त्याच दिवशी काढली. ग्रामपंचायतीत नोंद होती, त्यांच्या भावानं तेव्हाच केलेली. तिथल्या कारकुनानं पुढं मला सांगितलं, नेहमी कागद उलटासुलटा करून शिक्का तपासणारे नाना त्या दिवशी दाखला न बघताच पिशवीत घालून निघाले. माझ्याकडे झेरॉक्सला आला तेव्हाही तोंड रस्त्याकडे करून उभे. मी दोन प्रती काढल्या आणि पालथ्या करून दिल्या.

मग अवसरीची फेरी. शाळेच्या दाखल्यासाठी आम्ही तिघं जीपनं गेलो, त्याच जीपनं, आणि जीपवाल्यानं पैसे घ्यायचं साफ नाकारलं. हेडमास्तर तरुण होता. जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. "विद्यार्थिनीचं नाव?" असं विचारलं त्यानं नानांकडे बघून. आता आमच्याकडे या वयाचा माणूस बायकोचं नाव घेत नाही. माझं सोडा, सतरा वर्षांच्या त्यांच्या संसारात कुणीच नानांच्या तोंडून 'अगं' आणि 'ए' याच्यापलीकडे काही ऐकलेलं नव्हतं. मावशी खाली बघत होत्या. मीच सांगायला तोंड उघडलं, तर नानांनी हातानं मला थांबवलं.

"हौसा," ते म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली.

रजिस्टरमध्ये होती हौसा. बापाचं नाव, जन्मतारीख, 'वर्तणूक चांगली'. मावशींनी ते स्वतः वाचलं. 'वर्तणूक चांगली' यावर नाना हळूच म्हणाले, "ही तेवडी दुरुस्त करायला पायजे," आणि मावशींनी हेडमास्तरच्या देखत त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

अर्ज नवा लिहिला. नानांनी सांगितला, मी टाईप केला, मावशींनी ओळ न् ओळ तपासली आणि दोन ठिकाणी नानांना बदलायला लावलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की या पत्त्यावर एका नावाच्या दोन स्त्रिया होत्या. पहिली मयत आहे, तिचं कर्ज तिच्या पतीने फेडलं आहे, पावती सोबत. दुसरी मी, माझं मूळ नाव हौसा, आणि या कर्जाशी माझा संबंध नाही. शेवटी नानांनी स्वतःहून एक वाक्य घातलं, 'शिधापत्रिकेतील चूक ही अर्जदार स्त्रीची नसून तिच्या पतीची आहे.' मी म्हटलं, नाना, याची गरज नाही. म्हणाले, "माज्याबद्दल हाय. मला पटलंय. ऱ्हाऊ दे."

एक अर्ज बँकेला, एक मुंबईच्या कंपनीला, दोन्ही रजिस्टर्ड पोस्टानं. बँकेच्या साहेबांनी जुन्या वह्या उपसल्या, तर पावतीचा नंबर सापडला. महिना भरत आला तेव्हा उत्तर आलं. म्हशी मावशींच्या नावावरून निघाल्या होत्या. पाठोपाठ दुरुस्त रिपोर्ट आला, तो मी दुकानात फोडला. वर नाव, पत्ता, खरं जन्मसाल. आणि खाली कर्जाच्या जागी काहीच नाही. कोरं.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

"काहीच नाही, मावशी. तुम्ही कुणाचं काही घेतलेलं नाही, कुणाचं देणं नाही."

त्यांनी तो कोरा कागद हातात घेतला आणि ढसाढसा रडल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बघ की. येवडं भांडून कोरा कागद मिळाला." आणि हसायलाच लागल्या. नाना चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

हंगाम अर्थातच गेला. गॅझेटमध्ये नाव येईपर्यंत, नवं रेशन कार्ड होईपर्यंत आणि कर्ज मंजूर होईपर्यंत पावसाळा लागला. गावात कुणी मिरची कांडत नसताना मशीन आलं. मावशींनी त्याची पूजा केली आणि हळकुंडं कांडून मुहूर्त केला. शेजारच्या गाळ्यावर बोर्ड लागणार होता. पेंटरनं कागदावर नमुना काढून आणला, तर नानांनी सवयीनं हात पुढे केला. मावशींनी कागद वरचेवर उचलला. "लिवलंय कुणाबद्दल?" नाना मुकाट्यानं स्टुलावर बसले. 'हौसा मसाले' असा बोर्ड होता तो. पुढचा हंगाम त्यांनी एकटीनं ओढला, आणि हप्ता कधी एक दिवस चुकवला नाही.

टाक मात्र त्यांनी गळ्यातून काढला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिनं काय केलं माजं? तिचं नाव तिला परत दिलं, आता आमी दोघी बऱ्या हाय."

नाना त्यानंतर दीड वर्षानं गेले. दुपारी जेवून लवंडले, उठलेच नाहीत. बोटावरचा डाग मावशी म्हणाल्या तसा तेव्हाच गेला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मावशी दुकानाच्या पुढच्या दारानं आल्या, पायरीवर चपला काढून. हातात मयताचा दाखला, तो त्यांनीच ग्रामपंचायतीतून आणला होता, शिक्का तपासून. दुसऱ्या हातात रेशन कार्ड.

"कचेरीत जायचंय," म्हणाल्या. "यांचं नाव कमी करायला. ठिवून चालत न्हाई, मला ठावं हाय. पन तुजी सोबत पायजे."

मी शटर ओढायला उठले. त्यांनी मला थांबवलं आणि कार्ड काउंटरवर उघडून ठेवलं. नव्या कार्डाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पहिल्या ओळीत नानांचं नाव, त्याच्या खाली हौसा.

"रेघ मारायच्या आदी याची येक नक्कल काड," मावशी म्हणाल्या. "आमची दोघांची नावं येका कागदावर येवडीच हायती."

मी मशीन चालू केलं. कागद गरम गरम बाहेर आला. त्यांनी तो हातात घेतला, बोट ओळीखालून सरकवत वरपासून खालपर्यंत वाचला, पटला तेव्हा घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"चल आता," म्हणाल्या.